नव्या वाड्याचे मोल कसे ठरवावे : मराठवाड्यातील नवख्या खरेदीदारासाठी

लातूर, नांदेड, जालना, छत्रपती संभाजीनगर या शहरांच्या नव्या वसाहतींत दिंडी दरवाजा, ओसरी, मधला चौक आणि सागवानी खांब असलेली नवी कोरी घरे विक्रीला येऊ लागली आहेत. ज्यांचे बालपण पैठण, अंबाजोगाई किंवा परंड्याच्या वाड्यांत गेले, त्यांचे मन अशा घराचा उंबरा ओलांडताच हळवे होते, आणि नेमके तेव्हाच किमतीचे बोलणे निघते. अशा घराचे मोल टप्प्याटप्प्याने कसे काढावे, हे पुढे सांगितले आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. आधी ते एक साधे घर आहे असे समजून त्याची किंमत काढावी आणि वाडापणाचे पैसे त्यावर वेगळे, प्रत्येक वस्तू मोजून चढवावेत. विकणारा हे दोन्ही एकाच आकड्यात मिसळून सांगतो. ते वेगळे काढल्याशिवाय घासाघीस कशावर करायची हेच कळत नाही.

जमिनीपासून सुरुवात

शहरातील कोणत्याही बैठ्या किंवा एकमजली घरात किमतीचा मोठा वाटा जमिनीचा असतो, म्हणून पहिली पायरी कागदपत्रांची आहे. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक आणि न झालेल्या भागात सातबारा पाहावा. त्यासोबत अकृषिक आदेश, मंजूर ले-आउटचा नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे येथील जमिनींच्या इतिहासात इनाम आणि कुळांचे प्रश्न फार आहेत. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेले) किंवा खिदमतमाश इनामाचा उल्लेख जुन्या फेरफारात आढळला, किंवा सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विक्रीवर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) असे लिहिलेले दिसले, तर वकिलाचा लेखी अभिप्राय मिळेपर्यंत इसाराची रक्कम देऊ नये. खिदमतमाश इनाम धार्मिक संस्थांच्या सेवेसाठी दिलेले असल्याने तेथे धोका सर्वांत मोठा आहे. किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, आणि जुन्या नोंदी उर्दूत असतील तर त्या वाचू शकणाऱ्या माणसाकडून वाचून घ्याव्यात.

गुंठेवारीतील, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या भूखंडांचा प्रश्न वेगळा आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाची वाट मिळाली, परंतु आपण पाहत असलेले घर नवे असेल तर ते या तारखेनंतरचे असण्याचीच शक्यता अधिक आहे. केवळ बॉण्डपेपरवर हात बदललेल्या भूखंडावर कितीही देखणा वाडा बांधला, तरी त्याची किंमत नोंदणीकृत खरेदीखताच्या घराशी तोलता येत नाही, कारण बँक कर्ज देत नाही आणि पुढचा गिऱ्हाईकही रोखीवालाच शोधावा लागतो. सिडकोचा भूखंड असल्यास तो भाडेपट्ट्याचा आहे की मालकी हक्काचा झाला आहे, आणि हस्तांतरणाचे शुल्क कोणी भरायचे, हेही आधीच विचारून घ्यावे.

जमिनीचा दर काढताना दोन आकडे हाताशी असावेत. पहिला, शासनाचा वार्षिक मूल्य दर तक्ता, ज्याला सर्वजण रेडी रेकनर म्हणतात. दुसरा आणि अधिक उपयोगाचा आकडा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सापडतो, कारण तेथे सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, पाहता येते आणि त्याच गल्लीत गेल्या वर्षा-दोन वर्षांत मोकळे भूखंड काय भावाने नोंदले गेले ते कळते. नोंदलेला भाव पुष्कळदा प्रत्यक्ष व्यवहारापेक्षा कमी असतो हे खरे, तरीही चार-पाच दस्त समोर ठेवून परिसरातील दोन वेगवेगळ्या मध्यस्थांना विचारले की दराचा पट्टा स्पष्ट होतो. रस्त्याची रुंदी, कोपऱ्याचा भूखंड, पावसाळ्यात साचणारे पाणी यांसाठी त्या पट्ट्यात वर-खाली सरकावे.

क्षेत्रफळ स्वतः मोजावे

वाड्याच्या घरात क्षेत्रफळाचा घोळ इतर घरांपेक्षा अधिक होतो. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यातील चटई क्षेत्रात (कार्पेट एरिया) बाहेरच्या भिंती, स्वतंत्र व्हरांडा आणि उघडी गच्ची धरली जात नाही, परंतु आतल्या भिंती धरल्या जातात. आता वाडा म्हटला की त्यात ओसरी व्हरांड्यात मोडते, चौक आकाशाला उघडा असतो आणि बाहेरच्या भिंती जाड असतात. जाहिरातीत २,९०० चौरस फूट लिहिलेल्या घरातून चौक, ओसरी आणि गच्चीकडची मोकळी जागा वजा केली, तर बांधीव घर २,२०० चौरस फूटच उरते असे सहज घडू शकते. ३० फूट रुंदीच्या भूखंडावर दोन्ही बाजूंना दीड फुटी दगडी भिंती घातल्या, तर रुंदीचा दहावा हिस्सा भिंतींतच जातो. म्हणून टेप घेऊन खोल्या आतून मोजाव्यात आणि ओसरी, चौक, बांधीव भाग यांची तीन वेगळी बेरीज करावी. ओसरीला मोल आहेच, पण ते खोलीच्या दराने नव्हे. बांधकामाच्या दराच्या निम्मे धरले तरी मी ते पुरेसे मानतो.

पाया आणि भिंती

मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचा पाया तिच्या खाली कठीण मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेला नसेल, तर दोन-तीन हंगामांत भिंतींना तिरप्या भेगा जातात, आणि वाड्याच्या रचनेत ही भीती दुप्पट असते, कारण ओसरीचे जोते आणि मुख्य घराचा पाया अनेकदा वेगवेगळ्या खोलीचे असतात. बांधणाऱ्याकडे पाया खोदतानाची छायाचित्रे, संरचना अभियंत्याचा नकाशा आणि जोते तपासणीचा दाखला मागावा. ओसरी जेथे मुख्य भिंतीला मिळते तो सांधा, चौकाच्या चारही कोपऱ्यांतील फरशी आणि दरवाजांच्या चौकटींचे वरचे कोपरे बारकाईने पाहावेत. शक्य असल्यास घर एकदा मे महिन्यात आणि एकदा चांगल्या पावसानंतर पाहिले पाहिजे, कारण मातीची दोन्ही रूपे तेव्हाच दिसतात. नुकताच ताजा रंग दिलेल्या घरात नुसते पाहून काहीच कळत नाही. तेथे अभियंत्याची फी वाचवू नये.

भिंती कशाच्या आहेत हा प्रश्न आपल्या भागात केवळ किमतीचा राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आतून-बाहेरून दोन पदर सुटे होऊन फाकल्या आणि वरच्या मातीच्या माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर २००२ साली सुधारलेल्या भारतीय मानक १८९३ मध्ये किल्लारी परिसर तिसऱ्या भूकंपप्रवण क्षेत्रात घेण्यात आला. म्हणून एखादा विक्रेता ‘अगदी जुन्या पद्धतीने, सिमेंट न वापरता’ दगडी भिंत बांधल्याचे अभिमानाने सांगत असेल, तर तीन गोष्टी विचाराव्यात : भिंतीत दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड किती अंतरावर आहेत, जोते, दरवाजांची वरची पातळी आणि छताची पातळी येथे भिंती बांधून ठेवणारे सलग आडवे पट्टे घातले आहेत का, आणि कोपऱ्यांत सळई आहे का. उत्तरे नकाशावर दाखवता आली, तर तो खरोखर मोलाचा वाडा आहे आणि त्याला अधिक पैसे देण्यास हरकत नाही. तोंडीच राहिली, तर ते घर मी कोणत्याही भावात घेऊ नये असे सांगेन.

बहुतेक नवे वाडे मात्र आरसीसी सांगाड्यावर उभे असतात आणि बाहेरून काळ्या पाषाणाची लादी लावलेली असते. यात कमीपणा काही नाही. उलट आरसीसी स्लॅबखाली कडीपाटाची तक्तपोशी (लाकडी कड्या-पाटांचे आतले छत) करणे हा माळवदाची आठवण राखूनही सुरक्षित राहण्याचा समंजस मार्ग आहे. फक्त दर लादीचा लागला पाहिजे, दगडी भिंतीचा नव्हे. खिडकीच्या बाजूची जाडी पाहिली आणि कोपऱ्यावरचा दगड दोन्ही अंगांनी सलग आहे की दोन तुकडे जोडलेले आहेत हे पाहिले की फरक लगेच उमगतो. लादीवर बोटाच्या पेराने ठोकत जावे. पोकळ आवाज येतो तेथे मसाला सुटलेला आहे, आणि वरच्या मजल्याच्या उंचीवर तसे असेल तर ती दुरुस्ती करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चौकाची परीक्षा

चौक हा वाड्याचा जीव आहे, आणि जाहिरातीत सर्वाधिक पैसे त्याच्याच नावाने मागितले जातात. म्हणून तो चौक काम करतो की नाही हे तपासण्यात वेळ घालवावा. लातूरच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. चौकाच्या दक्षिणेची भिंत २० फूट उंच असेल, तर तिची सावली जवळजवळ १८ फूट पडते. याचा अर्थ, दक्षिणोत्तर १२ किंवा १४ फूट लांबीच्या चौकात ऐन थंडीत जमिनीवर ऊनच येत नाही. याउलट मेच्या मध्यात सूर्य भर माथ्यावर असतो आणि तीच फरशी दुपारी तापते. जुने वाडे या दोन्हींचा विचार करून बांधलेले दिसतात : चौकाभोवतीचा सोपा (पडवी) खोल, दक्षिणेची बाजू ठेंगणी. नव्या भूखंडावर तीस-पस्तीस फुटांच्या रुंदीत तसे जमतेच असे नाही, म्हणून चौक मोजून, दिशा पाहून स्वतः हिशेब करावा.

पुढे शेजाऱ्यांकडे नजर टाकावी. दोन्ही बाजूंचे भूखंड मोकळे किंवा बैठे असतील, तर तेथे उद्या तीन मजले चढू शकतात, आणि मग त्यांच्या खिडक्या आपल्या चौकात उघडतात व उजेडही घटतो. चौकाला वरून पारदर्शक पत्रा किंवा काच घातलेली असेल, तर हवा वर निघून जाण्याचे त्याचे काम थांबलेले असते; मग ते नुसते तापणारे दालन उरते आणि मंजूर नकाशाशी त्याचा मेळ बसतो का हाही प्रश्न उभा राहतो. चौकातील पाण्याचा उतार पाहण्यासाठी बादलीभर पाणी ओतावे आणि ते जाळीकडे जाते की माजघराच्या उंबऱ्याकडे, हे पाहावे. दुपारी तीनच्या सुमारास ओसरीत थोडा वेळ नुसते बसावे. चौक चांगला असेल तर रस्त्यावरच्या आणि आतल्या हवेतला फरक अंगाला जाणवतो. असा चौक असलेल्या घराला, माझ्या मते, जमिनीच्या त्या तुकड्याचा पूर्ण दर द्यावा. अंधारा, कोंदट किंवा झाकलेला चौक असेल, तर तेवढी जागा वाया गेली असे समजून चालावे.

लाकूड घनफुटात मोजावे

सागवान हा शब्द विक्रीपत्रकात मोठ्या अक्षरांत असतो, पण लाकडाची किंमत घनफुटांत निघते. ६ इंच बाय ६ इंच जाडीचा, ९ फूट उंचीचा भरीव खांब सव्वादोन घनफुटांचा असतो. असे १२ खांब म्हणजे २७ घनफूट. तुळया, कड्या आणि पाट यांची मोजणी याच रीतीने करून बेरीज घ्यावी. मात्र ९ इंची आरसीसी खांबाला अर्धा इंच फळी मढवलेली असेल, तर त्यात लाकूड साधारण सव्वा घनफूटच असते आणि ते भार काहीच पेलत नाही. मढवलेल्या खांबाच्या चारही कडांना उभा सांधा दिसतो. भरीव खांबाच्या एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूवर वळून आलेली दिसते. आयात केलेले सागवान आणि बल्लारशाकडचे सागवान यांच्या दरात अंतर असते, त्यामुळे वखारीचे बिल मागावे.

पाडलेल्या जुन्या वाड्यांचे लाकूड अनेक नव्या घरांत वापरले जाते. ते उत्तम वाळलेले असते आणि पुन्हा वळत नाही, म्हणून मला ते नव्यापेक्षा अधिक आवडते. परंतु खांबाचा तळ, जुन्या खिळ्यांची छिद्रे आणि भिंतीत रुतलेली टोके वाळवीसाठी तपासावीत. नव्या लाकडातील ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र सुताराकडे मिळते. घरात बसवलेल्या लाकडात तो १२ टक्क्यांच्या आसपास असावा. फार अधिक असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात चौकटी वाकतात आणि पाटांत फटी पडतात. कोरीव महिरप यंत्रावर कापलेली आहे की कारागिराच्या हातची, हे तिच्या दोन जागा शेजारी ताडून पाहिले की समजते, आणि हातच्या कामाला अधिक मजुरी देणे मी योग्यच मानतो. पश्चिमेचे ऊन आणि पाऊस थेट झेलणाऱ्या लाकडाला वरचेवर तेलपाणी लागेल, तो खर्च मनात वजा करून ठेवावा.

पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्यामुळे आपल्याकडे घराच्या मोलात पाण्याला जागा द्यावीच लागते. नळाला किती दिवसांनी पाणी येते हे शेजारच्या बायामाणसांना विचारावे. बोअरची खोली आणि मे महिन्यातील धार पाहावी. १,००० चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे ६५,००० लिटर पाणी पडते आणि गळती वजा जाता ५०,००० लिटर हाती लागू शकते. चौकाखाली त्यासाठी टाके बांधलेले असेल, तर ते कोणत्याही कोरीव कामापेक्षा मोलाचे आहे.

आकडे मांडणे

आता एक नमुना घेऊ. त्यातील दर केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, आपल्या गावचे दर आपण घालावेत. भूखंड १,८०० चौरस फूट, दर ३,००० रुपये, म्हणजे जमीन ५४ लाख. बांधीव क्षेत्र २,२०० चौरस फूट, साध्या चांगल्या बांधकामाचा दर २,००० रुपये, म्हणजे ४४ लाख. ओसरी, आवार, बोअर, टाके, वीजजोडणी मिळून ६ लाख. वाडापणाचे काम असे : १५० घनफूट सागवान ४,००० रुपयांनी ६ लाख, सुतारकाम व कोरीवकाम ३ लाख, ७०० चौरस फूट दगडी लादी ३५० रुपयांनी २ लाख ४५ हजार. जमीन सोडून बेरीज ६१ लाख ४५ हजार होते. त्यावर बांधणाऱ्याचा नफा आणि देखरेख १५ टक्के धरली, तर ९ लाख २२ हजार वाढतात. एकूण किंमत सुमारे १ कोटी २४ लाख ६७ हजार. मागणी १ कोटी ४५ लाखांची असेल, तर वरचे २० लाख कशाचे, हा प्रश्न आता वस्तूवार विचारता येतो.

यातून पुनर्विक्रीचा विचार करून थोडे वजा करावे लागते. दिंडी दरवाज्यातून मोटार आत जात नसेल, उंबरे उंच आणि जिने खडे असल्याने म्हाताऱ्या माणसांना त्रास होत असेल, खालच्या मजल्यावर शौचालय नसेल, तर पुढचा गिऱ्हाईक त्याचे पैसे कापणारच. अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांसाठी किंवा तुळजापूरच्या भाविकांसाठी खोल्या भाड्याने देता येतील असे विक्रेता सांगतो. प्रत्यक्ष पावत्या दिसत नसतील तर हे उत्पन्न किमतीत धरू नये. आपल्या मनाला त्या चौकाचे जे मोल वाटते, ते जरूर असावे, परंतु तो आकडा वहीत वेगळ्या ओळीत लिहावा आणि विक्रेत्याला कळू देऊ नये.

बँक आणि व्यवहार

बँकेचा मूल्यांकनकार कोरीव कामाला फारसा भाव देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ७५ लाखांवरील गृहकर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळते. बँकेने हेच घर १ कोटी २० लाखांचे ठरवले, तर कर्ज ९० लाखांचे होईल, आणि १ कोटी ४५ लाखांना सौदा केल्यास ५५ लाख स्वतःचे घालावे लागतील. म्हणून इसार देण्यापूर्वी नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून स्वतःच्या खर्चाने अहवाल करून घ्यावा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांची रक्कम वेगळी बाजूला ठेवावी. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून शासनाकडे भरायचा असतो, हे अनेक नवख्यांना खरेदीखताच्या दिवशीच कळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. ते मिळण्याआधी व्यवहार ठरला तर लागतो, त्यामुळे घाई करण्यापूर्वी हा फरक विचारात घ्यावा.

५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणी बंधनकारक नाही, आणि एकेकटे वाडे बहुधा याच सवलतीत बसतात. नोंदणीकृत प्रकल्पात संरचनेतील दोष पाच वर्षांपर्यंत बांधणाऱ्याने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. येथे ते संरक्षण गृहीत धरता येत नाही, म्हणून तीच अट करारनाम्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. त्यात पायाच्या भेगा, दगडी लादी सुटणे, लाकूड वाकणे आणि वाळवी ही चार नावे स्वतंत्रपणे असावीत. इसार पावतीवर भोगवटा प्रमाणपत्र व बँकेची मंजुरी न मिळाल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल ते लिहावे, आणि घरात बसवलेल्या खांब, दरवाजे, झुंबरे, तुळशी वृंदावन यांची यादी छायाचित्रांसह जोडून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, कारण पाहताना असलेला जुना कोरीव दरवाजा ताबा घेताना बदललेला असू शकतो.